विश्लेषण : उद्या शेवटचा गुरुवार, शनिवारी गाडगेबाबांची पुण्यतिथी, मार्गशीर्ष महिना नेमका कधी, कसा आणि कोणासाठी?

मूर्तिजापूर : उद्या, १८ डिसेंबरला, यंदाच्या मार्गशीर्षातला चौथा आणि शेवटचा गुरुवार. घरोघरी महालक्ष्मीच्या व्रताचे उद्यापन होईल. चौरंग, कलश, पाच फळे, शेवंतीची वेणी, पुरणाचा किंवा खिरीचा नैवेद्य आणि संध्याकाळी हळदीकुंकू, असा ठरलेला कार्यक्रम. त्यानंतर दोनच दिवसांनी, शनिवारी २० डिसेंबरला, संत गाडगेबाबांची पुण्यतिथी. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना विचारले की देव नेमका कुठे शोधता, त्याचे बालपण याच तालुक्यातल्या दापुरा गावात गेले.

एकाच आठवड्यात आलेल्या या दोन दिवसांचा परस्परांशी काही संबंध आहे का? शिवाय दरवर्षी पडणारे प्रश्न आहेतच. गुरुवार चार की पाच? मोबाईलवर आलेल्या यादीत तारखा वेगळ्या का? मार्गशीर्ष आणि धनुर्मास एकच का? उद्यापनाला कोणाला बोलवायचे? एकेक करून समजून घेऊ.

यंदा मार्गशीर्ष कधीपासून कधीपर्यंत?

महाराष्ट्रातल्या पंचांगानुसार यंदाचा मार्गशीर्ष २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरू झाला. २७ नोव्हेंबर, ४ डिसेंबर, ११ डिसेंबर आणि १८ डिसेंबर असे चार गुरुवार त्यात आले. चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला, मोक्षदा एकादशी म्हणजेच गीता जयंती १ डिसेंबरला, तर दत्त जयंती ४ डिसेंबरला झाली. यंदा दत्त जयंती आणि व्रताचा दुसरा गुरुवार एकाच दिवशी आले होते.

महिन्याचा शेवट अमावास्येने होतो. ही अमावास्या शुक्रवारी १९ तारखेला पहाटे लागते आणि शनिवारी २० तारखेला सकाळी सातनंतर संपते. आपल्याकडे सूर्योदयाच्या वेळी जी तिथी असेल, ती त्या दिवसाची तिथी धरतात. वऱ्हाडात सध्या सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो. म्हणजे शनिवारच्या सूर्योदयाला अमावास्या काही मिनिटे शिल्लक असते. त्यामुळे पौषाचा पहिला दिवस रविवार, २१ डिसेंबर.

कधी चार, कधी पाच गुरुवार, असे का?

याचे गणित सोपे आहे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. चार आठवड्यांचे दिवस होतात २८. उरलेल्या एक-दोन दिवसांत गुरुवार आला तर पाच, नाही आला तर चार. यात शुभ-अशुभ असे काही नाही.

महिना मागेपुढे सरकण्याचे कारणही याच गणितात आहे. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. सौर वर्षापेक्षा हे अंदाजे ११ दिवस कमी. हा फरक साचत जातो आणि साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालून भरून काढला जातो. पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून यंदा नोव्हेंबरमध्ये सुरू झालेला मार्गशीर्ष पुढच्या वर्षी थेट डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येईल आणि जानेवारीत संपेल.

मग मोबाईलवरच्या यादीत तारखा वेगळ्या का?

यंदाही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अनेकांच्या मोबाईलवर ‘आजपासून मार्गशीर्ष सुरू’ असा संदेश आला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘मार्गशीर्ष संपला’ असेही आले. काही जणींनी घाबरून पहिला गुरुवार चुकला म्हणून हळहळ केली. प्रत्यक्षात दोन्ही संदेश खोटे नव्हते. ते फक्त आपल्यासाठी नव्हते.

देशात चांद्रमहिना मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र, तेलंगण या भागांत महिना अमावास्येला संपतो. याला अमान्त पद्धत म्हणतात. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो. ती पूर्णिमान्त पद्धत. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच असते, फरक पडतो तो फक्त वद्य पक्षाच्या नावात. आपण ज्याला कार्तिक वद्य म्हणतो, त्याला तिकडे मार्गशीर्ष कृष्ण पक्ष म्हणतात.

त्यामुळे उत्तरेत मार्गशीर्ष ६ नोव्हेंबरला सुरू झाला आणि ४ डिसेंबरच्या पौर्णिमेला संपला. आपला २१ नोव्हेंबरला सुरू झाला. २७ नोव्हेंबर आणि ४ डिसेंबर हे दोनच गुरुवार दोन्हीकडे समान होते. बाकीची यादी वेगळी असणारच. हिंदी वाहिन्या, हिंदी ॲप आणि तिथून भाषांतर होऊन आलेले संदेश यांत नेमका हाच घोळ होतो.

लक्षात ठेवायला एक सोपी खूण आहे. आपल्याकडे दिवाळीचे लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला होते. तिथून पुढची अमावास्या संपली की मार्गशीर्ष लागतो. म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर साधारण एक महिन्याने. त्याआधीच कोणी मार्गशीर्ष सुरू झाल्याचे सांगत असेल, तर ती उत्तरेची मोजणी आहे असे समजावे.

‘मार्गशीर्ष’ हे नाव कुठून आले?

आपल्या महिन्यांची नावे नक्षत्रांवरून पडली आहेत. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्ष नक्षत्राच्या आसपास असतो, तो मार्गशीर्ष. सध्या रात्री आठ-साडेआठला गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहिले तर एका रेषेत तीन ठळक तारे दिसतात. तो मृगाचा भाग. पाश्चात्त्य खगोलशास्त्रात त्याला ओरायन म्हणतात.

या महिन्याचे जुने नाव आग्रहायण. म्हणजे वर्षाच्या अग्रभागी असलेला. हिंदीतला ‘अगहन’ हा शब्द त्यावरूनच आला. कधीकाळी वर्षाची सुरुवात याच महिन्यापासून होत असावी, असे या नावावरून मानले जाते. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मृगशीर्षाबद्दलच्या वेदांतल्या उल्लेखांवरून वेदांचा काळ किती जुना असावा, याचा हिशेब त्यांनी त्यात मांडला होता. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण स्वतःच्या विभूती सांगतो. त्यात महिन्यांपैकी आपण मार्गशीर्ष असल्याचे तो सांगतो. गीता जयंतीही याच महिन्यात शुद्ध एकादशीला येते.

शेतीच्या बाजूने पाहिले तर या महिन्याचा मान आणखी नीट समजतो. पावसाळा संपलेला असतो, खरिपाचे पीक घरात आलेले किंवा येण्याच्या बेतात असते. वऱ्हाडात कापसाची वेचणी सुरू असते, तुरीला शेंगा धरलेल्या असतात, हरभरा वर आलेला असतो. घरात धान्य आणि हातात थोडा पैसा असताना लक्ष्मीची आठवण होणे स्वाभाविकच आहे.

धनुर्मास म्हणजे मार्गशीर्षच का?

नाही. दोन्ही एकमेकांत मिसळतात, पण मोजणी वेगळी आहे. मार्गशीर्ष चंद्रावर चालतो, धनुर्मास सूर्यावर. सूर्य धनु राशीत शिरला की धनुर्मास सुरू होतो आणि मकर राशीत गेला, म्हणजे संक्रांत आली, की संपतो. यंदा तो १६ डिसेंबरला सुरू झाला असून १४ जानेवारीच्या संक्रांतीपर्यंत चालेल. त्यामुळे धनुर्मासाचे पहिले काही दिवस मार्गशीर्षात आणि पुढचे पौषात येतात.

महाराष्ट्रात त्याला ‘धुंधुरमास’ही म्हणतात. पहाटे उठून स्नान, पूजा आणि सूर्य उगवतानाच जेवण, अशी याची रीत आहे. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत हे त्यातले नेहमीचे पदार्थ. थंडीत पहाटे भूक लागते आणि उष्ण, स्निग्ध अन्न पचते, असा त्यामागचा साधा व्यवहार आहे. विष्णू आणि बालाजीच्या मंदिरांत या दिवसांत पहाटेची पूजा होते. तमिळनाडूत हाच महिना ‘मार्गळी’ म्हणून पाळला जातो. आंडाळ या संत कवयित्रीच्या ‘तिरुप्पावै’ची तीस पदे रोज एक याप्रमाणे गातात. तिरुपतीलाही या काळात पहाटेच्या सुप्रभाताऐवजी तिरुप्पावै म्हटले जाते.

पंढरपुरात आणखी वेगळी प्रथा आहे. मार्गशीर्षात विठ्ठल मंदिरात नसून चंद्रभागेकाठच्या विष्णुपदावर मुक्कामाला असतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून भाविक महिनाभर तिथे दर्शनाला जातात आणि नदीकाठी बसून डबे सोडतात.

मूर्तिजापूर परिसरात या महिन्यात काय काय होते?

सुरुवात खंडोबाच्या नवरात्राने होते. शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवसांचे हे नवरात्र. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य, मग तळी भरणे. चातुर्मासात वांगे न खाणाऱ्या घरांत याच दिवशी ते पुन्हा ताटात येते.

त्यानंतर दत्त जयंतीचा सप्ताह. मूर्तिजापूरच्या दक्षिणेला, तासाभराच्या अंतरावर, वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड आहे. दत्तसंप्रदायातले नृसिंह सरस्वती यांचे हे जन्मस्थान. सरस्वती गंगाधर यांनी रचलेल्या ‘गुरुचरित्रा’त त्यांचीच कथा आहे. दत्त जयंतीच्या आधीच्या सात दिवसांत या ग्रंथाचे पारायण करण्याची पद्धत वऱ्हाडातही घरोघरी आहे. एकेकाळी मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी कारंज्यावरूनच जायची. मुंबई-हावडा मार्गावरून आलेला भाविक मूर्तिजापूरला उतरून तीच गाडी पकडायचा. आता ती बंद आहे. कारंज्याला जाणारे एसटीने, नाहीतर स्वतःच्या गाडीने जातात.

पण मंदिरापेक्षाही हा महिना खरा चालतो तो घरात, आणि तो चालवतात बाया. सकाळी सात-आठला शेतात वेचणीला गेलेली बाई दिवसभर उपाशी कापूस वेचते, संध्याकाळी वजन करून घरी येते आणि मग चौरंग मांडते. या महिन्यातल्या भक्तीचा हा भाग कुठल्याही पंचांगात छापलेला नसतो.

गुरुवारच्या व्रतात नेमके काय करतात?

मांडणी घराघरात थोडी बदलते, गाभा तोच असतो. जागा झाडून-पुसून रांगोळी काढतात. चौरंगावर कापड, त्यावर तांदूळ किंवा गहू, त्यावर पाण्याचा कलश. कलशात नाणे, सुपारी, दूर्वा. तोंडाशी पाच प्रकारच्या झाडांची पाने किंवा आंब्याचा डहाळा आणि वर नारळ. काही जणी नारळाला देवीचा मुखवटा लावतात, साडी नेसवतात. दिवसभर उपवास, संध्याकाळी पोथी, आरती, गोडाचा नैवेद्य आणि मग जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळी कलश हलवून पाणी तुळशीला घालतात.

पोथीतली कथा बहुतेकींना तोंडपाठ असते. सौराष्ट्राचा राजा भद्रश्रवा, राणी सुरतचंद्रिका आणि त्यांची मुलगी शांबाला. एक दिवस लक्ष्मी म्हातारीच्या रूपात, फाटक्या वस्त्रांत, काठी टेकत राजवाड्याच्या दारात येते. वैभवाने डोळ्यांवर धुंदी चढलेली राणी तिचा अपमान करते आणि तिला हाकलते. मुलगी मात्र तिची क्षमा मागते, तिच्याकडून व्रत समजून घेते. पुढे राणीचे राज्य जाते, मुलीचा संसार भरतो. राणीला स्वतःची चूक उमगते आणि ती व्रत करते, तेव्हा दिवस पुन्हा फिरतात.

कथेचा हा भाग वाचताना थोडे थांबायला हवे. देवी दागिने घालून, कमळावर बसून दारात येत नाही. ती येते म्हातारी, गरीब, एकटी बाई होऊन. राणीची चूक पूजा चुकल्याची नाही, दारातल्या बाईला हाकलल्याची आहे.

इतर राज्यांतही हे व्रत आहे का?

आहे. छत्तीसगडमध्ये अगहनच्या गुरुवारी लक्ष्मीपूजा होते. ओडिशात तर हा मोठाच सोहळा असतो. त्याला ‘माणबसा गुरुबार’ म्हणतात. नव्या भाताने भरलेल्या मापाची पूजा करतात आणि बळराम दास या संत कवीने सुमारे पाचशे वर्षांपूर्वी रचलेले ‘लक्ष्मी पुराण’ वाचतात.

त्याची कथा आपल्या पोथीपेक्षाही पुढे जाते. गुरुवारी लक्ष्मी नगरात फिरायला निघते. सगळ्यात स्वच्छ, शेणाने सारवलेले, रांगोळी काढलेले घर तिला दिसते ते श्रीया नावाच्या, अस्पृश्य मानलेल्या, झाडलोट करणाऱ्या बाईचे. लक्ष्मी तिच्या घरात जाते. हे कळताच थोरले बंधू बलभद्र संतापतात आणि त्यांच्या सांगण्यावरून जगन्नाथ लक्ष्मीला मंदिराबाहेर काढतात. लक्ष्मी निघून जाते आणि दोन्ही भावांना बारा वर्षे अन्न मिळत नाही. शेवटी लक्ष्मीच्याच दारी जेवल्यावर त्यांची सुटका होते. परत येण्यासाठी तिची अट एकच : अन्न खाताना जातीचा भेद राहणार नाही.

म्हणजे मार्गशीर्षातल्या गुरुवारची कथा सौराष्ट्रातली असो की पुरीची, प्रश्न एकच आहे. दाराबाहेर कोणाला ठेवले?

मग हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचे?

उद्यापनाला पाच किंवा सात सवाष्णींना बोलावून हळदीकुंकू, फळ आणि पोथीची प्रत देण्याची प्रथा आहे. अनेक घरांत प्रश्न इथेच उभा राहतो. ज्या सासूने सुनेला कलश मांडायला शिकवले, कथा ऐकवली, तिचा नवरा गेला की पुढच्या मार्गशीर्षात ती स्वयंपाकघरात बसते.

माझ्या आजीचेही असेच झाले. तिला पोथी पाठ होती. आजोबा गेल्यानंतर ती गुरुवारी उंबऱ्याच्या आत बसून कथा सांगायची, कारण घरात दुसऱ्या कोणाला इतकी चांगली सांगता येत नव्हती. कुंकवाचा करंडा मात्र तिला वगळून पुढे जायचा. तिला कधी वाईट वाटते का, असे मी कॉलेजात असताना विचारले होते. ‘मले कायले पाह्यजे आता?’ एवढेच म्हणाली. त्या वेळी मला ते उत्तर वाटले होते. आता वाटते, तो प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आम्ही द्यायचे होते.

या बाबतीत महाराष्ट्रात काही बदल झाला आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे, यांना गावात बंदी. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा आदर्श घ्यावा, असे सांगितले. पुढे अनेक गावांनी असे ठराव केले. ठराव कागदावर होतो, हळदीकुंकू मात्र घराच्या बैठकीत होते. तिथे निर्णय घेणारी ग्रामसभा नसते, घरातलीच एक-दोन माणसे असतात.

विधवेला बोलावले तर व्रत मोडते का? पोथीतली कथा पाहिली तर देवी स्वतः एकट्या म्हातारीच्या रूपात येते. तिला आत घेणारी मुलगी सुखी होते, बाहेर काढणारी राणी देशोधडीला लागते. कथेच्या आधारे उत्तर द्यायचे तर ते एवढे स्पष्ट आहे.

यात गाडगेबाबा कुठून आले?

गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. परीट समाजातले घर. वडील दारूने लवकर गेले आणि आई सखुबाई लहान डेबूला घेऊन माहेरी आली. ते माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरा. गुरे राखणे, नांगर धरणे, शेतातली सगळी कामे डेबूने इथेच केली. पुढे मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण घातले, तेव्हापासूनच ते चालत आलेल्या रिवाजाला प्रश्न विचारू लागले होते. फेब्रुवारी १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. हातात खराटा आणि मडक्याचे गाडगे.

ते कीर्तन करायचे, पण आधी गाव झाडायचे. नवसाला कोंबडे-बकरे कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, शिवाशिव पाळू नका, हे त्यांच्या कीर्तनाचे विषय. पाया पडू देत नसत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मूर्तिजापुरात १९२५ च्या सुमारास गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालयाचे काम उभे राहिले. शहराची ओळख आजही त्यांच्या नावाशी जोडलेली आहे.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलिस ठाण्याच्या आवारात त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीला आहे.

आता पंचांगातली एक नोंद पाहा. २० डिसेंबर १९५६ ही तारीख कॅलेंडरमध्ये मागे जाऊन तपासली तर वार येतो गुरुवार. त्या वर्षी कार्तिक अमावास्या २ डिसेंबरला होती. म्हणजे महिना मार्गशीर्ष, वद्य पक्ष. पुण्यतिथी आपण इंग्रजी तारखेने पाळतो, म्हणून हे सहसा लक्षात येत नाही. कर्मकांडावर आसूड ओढणारा हा संत गेला तो दिवस मार्गशीर्षातला गुरुवार होता.

यात चमत्कार शोधायचे कारण नाही, बाबांना ते चाललेही नसते. सातातला एक वार येणारच. पण हा योगायोग माहीत असला की उद्याच्या पूजेकडे पाहताना एक गोष्ट आठवते. ज्या घरात देवीची चौकी मांडायची ते घर आधी झाडून घ्यायचे, हे पोथी सांगते. बाबा त्यात एवढीच भर घालत होते की आपल्या घराबरोबर बाहेरची गल्लीही झाडा, आणि दारात भुकेला आला तर त्याला आधी वाढा.

उद्यापनाबद्दलचे नेहमीचे प्रश्न

एखादा गुरुवार चुकला तर? आजारपण, प्रवास किंवा पाळी यामुळे पूजा करता आली नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणाकडून ती करून घेण्याची मुभा परंपरेतच आहे. व्रत मोडले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

पुरुषांनी केले तर चालते का? चालते. पती-पत्नीने मिळून हे व्रत करण्याची पद्धत पूर्वीपासून आहे.

उपवास कोणी जपून करावा? मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि बाळाला पाजणाऱ्या स्त्रिया, रक्त कमी असलेल्या मुली यांनी दिवसभर उपाशी राहू नये. डॉक्टरांना विचारून फळे, दूध, ताक घेत उपवास करता येतो. उन्हात वेचणी करताना पाणी तरी सोडू नये.

निर्माल्याचे काय करायचे? शुक्रवारी सकाळी फुले-पाने कुंडीत, शेताच्या बांधावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकावीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून नदीत फेकणे हे ना शास्त्रात बसते, ना शनिवारी ज्यांची पुण्यतिथी आहे त्यांच्या शिकवणीत. कलशाखालचे धान्य आणि फळे गरजूंच्या घरी जाऊ शकतात.

पुढे काय?

रविवारी पौष लागतो. लग्नकार्यासाठी हा महिना टाळतात, त्याला भाकड महिना म्हणतात. वऱ्हाडात मात्र तो रिकामा जात नाही. पौषातल्या रविवारी अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचन इथे, पूर्णा नदीच्या काठी, मुद्गलेश्वराची यात्रा भरते. यंदा पौषाचा पहिलाच दिवस रविवार आहे.

घर सोडल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात गाडगेबाबा याच यात्रेत दिसू लागले होते. नदीचा काठ चिखलाचा होता. स्नानाला उतरणारे म्हातारे, बाया, पोरे घसरून पडायची. बाकी लोक दर्शनाच्या घाईत असताना हा चिंध्या पांघरलेला माणूस टोपल्याने माती-दगड टाकून पायवाट करत राहिला. आधी लोक हसले, मग काही जण हाताशी आले. पुढे तिथे घाट झाला.

उद्या संध्याकाळी आरती झाली की करंडा हातात घेऊन घरातली सून किंवा लेक एकेकीसमोर जाईल. कथेतली म्हातारी त्या वेळी घरातच असेल, कदाचित स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. तिच्यासमोर थांबायचे की पुढे जायचे, हे कोणतेही पंचांग सांगणार नाही. ते त्या करंडा धरलेल्या हातालाच ठरवायचे आहे.